दोन-दहाची बस

“बाई, हॅबिच्युअल ड्रंकर्ड म्हणजे काय हो?”

सुगंधाताईंनी हे इतक्या खणखणीत आवाजात विचारलं, की मराठीचा गंध नसलेल्या त्या बसमध्येही दोन-तीन माना वळल्या. त्यातले दोन इंग्रजी शब्द सगळ्यांना कळले होते.

“सवयीचा दारुडा,” मी हळूच म्हणाले.

“अन् हे मला विचारणार?”

“सगळ्यांनाच विचारतात. अर्जातलाच प्रश्न आहे. तुम्ही फक्त ‘नो’ म्हणायचं.”

“फक्त नो? बाईमाणसाला असलं विचारायचं, अन् तिनं फक्त नो म्हणायचं? आमच्या घरात कुणी बाटलीला...”

“सुगंधाताई, फक्त नो. घर मध्ये आणायचं नाही.”

त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. बाहेर रस्त्याच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग पडले होते. जरा वेळाने त्या पुटपुटल्या, “नो सर.” मग, “नो मॅडम.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “दोन्ही करून ठेवते. साहेब असंल का मॅडम, काय माहीत.”

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेतल्या एका गोठलेल्या शहरात येऊन पडले होते. माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. पुण्यात चार वर्षं शाळेत शिकवलं होतं, तेही नागरिकशास्त्र. इतिहासाच्या शेपटाला बांधलेला, मुलांनी परीक्षेच्या आदल्या दिवशी उघडायचा विषय. इथे घरात बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा सार्वजनिक वाचनालयात जाऊन नाव नोंदवलं. दर शनिवारी तिथे नागरिकत्वाच्या परीक्षेचा फुकट वर्ग चाले. मी तिथे शिकवायला लागले. ज्या देशाची मी नागरिक नव्हते, त्या देशाचं नागरिकशास्त्र.

जानेवारीतल्या एका शनिवारी वर्ग संपवून मी खुर्च्या लावत होते, तेवढ्यात एक बाई धापा टाकत आत आल्या. सावळ्या, ठेंगण्या, अठ्ठेचाळीसच्या आसपास. दोन मापं मोठा कोट, पायात पांढरे रबरी बूट आणि कपाळावर केसांच्या जाळीचा लाल वळ. अंगाला ताज्या पावाचा वास येत होता. माझ्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी अक्षर-अक्षर लावत वाचली.

“सब... नीस. म्हणजे आपल्याकडच्या का तुम्ही?”

मी हो म्हणताच त्यांनी कोटाच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून एक सरकारी पत्र. परीक्षेचं आणि मुलाखतीचं बोलावणं होतं. मी तारीख बघितली. पुढच्या आठवड्यानंतरचा गुरुवार.

“हे आज आलं तुम्हाला?”

“आलंय तीन आठवड्यांखाली. मिळालं काल. म्हणून आज कारखान्यातून लवकर सुटून आले.”

सुगंधा शांतवन पाटोळे. राहुरीजवळच्या गावच्या. नवऱ्याची मोठी बहीण रूथताई नर्स होऊन पूर्वीच अमेरिकेला आलेली. तिने भावासाठी अर्ज भरला, त्याचा नंबर लागायला बारा वर्षं गेली. नवरा, बायको आणि मुलगी असे तिघे आले, आणि दीड वर्षात शांतवन झोपेतच गेले. अर्जावर पत्ता रूथताईंचा होता, आणि रूथताई दीड महिना टेक्सासला मुलाकडे राहिल्या होत्या. पत्र तोवर त्यांच्या दारातल्या पेटीत पडून राहिलं.

“अभ्यास किती झालाय?” मी विचारलं.

“सातवी पास आहे.”

“तसं नाही. ह्या परीक्षेचा. शंभर प्रश्न असतात, त्यातले दहा विचारतात. सहा बरोबर यावे लागतात. मग एक इंग्रजी वाक्य वाचायचं, एक लिहायचं.”

“पुस्तक आणून ठेवलंय. वेळ भेटंना. पहाटं पाच ते दोन पावाच्या कारखान्यात असते. तीन ते आठ म्हाताऱ्यांच्या आश्रमात, सैपाकघरात. रविवारी तेवढी सुट्टी, पण त्या दिवशी घरचं सगळं असतं.”

“मग अभ्यास करणार कधी?”

त्यांनी याचा विचार आधीच करून ठेवला होता. “दोन-दहाची बस असते. कारखान्यापासून आश्रमापोत चाळीस मिनिटं. बसायला जागा भेटती.”

घरी जाऊन मी हिशेब मांडला. रविवार सोडला तर नऊ फेऱ्या. नऊ गुणिले चाळीस मिनिटं, म्हणजे सगळे मिळून सहा तास. सहा तासांत एका देशाचा इतिहास, भूगोल, राज्यघटना आणि वर इंग्रजी. नवरा म्हणाला, “अशक्य आहे.” मलाही तसंच वाटत होतं. तरी सोमवारी दोनला मी कारखान्यापाशी थांब्यावर जाऊन उभी राहिले. मला पाहून सुगंधाताईंना आश्चर्य वाटलं असेल, तर त्यांनी ते दाखवलं नाही. खिडकीची जागा मला दिली आणि पुस्तक उघडलं.

“चला बाई. घंटा झाली.”

आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात. दोन वर्षांत मला ती हाक कुणी मारली नव्हती.

पहिल्याच दिवशी मला कळलं, की हे प्रकरण वेगळं आहे. त्यांचं पाठांतर अफाट होतं. लहानपणी रविवारच्या शाळेत बायबलची वचनं तोंडपाठ करायची सवय. एकदा कानावरून गेलेलं वाक्य त्या दुसऱ्यांदा जसंच्या तसं म्हणत. सोमवारी वीस प्रश्न झाले, मंगळवारी आणखी वीस. घटनादुरुस्त्या किती? सत्तावीस. सिनेटर किती? शंभर. कॅनडाला लागून असलेलं एक राज्य सांगा. “मेन,” त्या म्हणायच्या, “ध्यानात ठेवायला सोपं. मेन म्हणजे मुख्य.”

पण नुसती घोकंपट्टी त्यांना रुचत नसे. प्रत्येक उत्तराचा अर्थ हवा. आणि अर्थ कळला, की त्यावर त्यांचं मत.

“रूल ऑफ लॉ म्हणजे काय?” मी विचारायची.

“नो वन इज अबव्ह द लॉ. कायद्याच्या वर कुणी न्हाई.” मग आवाज खाली आणून, “बाई, असं खरंच असतं का?”

“असायला पाहिजे.”

“पाहिजे वेगळं. आमच्या गावात पाटलाची म्हैस आमच्या वाफ्यात शिरली, तर दंड आम्हालाच. म्हैससुदिक कायद्याच्या वर होती.”

मला हसू फुटलं. त्या मात्र गंभीर होत्या. “हसू नका. मला ते वाक्य आवडलंय. इथं खरं असंल नसंल, पण कुणीतरी कागदावर लिहून ठेवलंय. लिहिलेलं असलं, की भांडता येतं.”

चार वर्षं मी तो धडा शिकवला होता. इतकं सरळ मला कधी सांगता आलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही नागरिकत्वाच्या शपथेशी येऊन थांबलो. परीक्षेत शपथेचा अर्थ विचारू शकतात, म्हणून मी ओळ-ओळ मराठीत सांगत होते. पहिलंच वाक्य असं, की मी आजवर ज्या देशाची प्रजा होते त्या देशाशी असलेली निष्ठा पूर्णपणे सोडून देते.

“सोडून देते,” सुगंधाताईंनी उच्चारलं. “म्हणजे राहुरी?”

“म्हणजे... भारताचं नागरिकत्व. जाता-येता येईलच.”

“माझी आई तिथं मातीत आहे.”

मी पुस्तक मिटलं. चार थांबे गेले. कुणी चढलं, कुणी उतरलं. त्यांचा थांबा आला तेव्हा त्या उठल्या, दांडीला धरून जरा वेळ उभ्या राहिल्या.

“आई म्हणली असती, जा,” त्या म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

त्यांची मुलगी शाळेत जाते, बारावीच्या वर्गाच्या वयाची आहे, एवढं मला माहीत होतं. म्हणून शनिवारी मी सहज म्हणाले, “इंग्रजी लिहायचा सराव मुलीकडून करून घ्या ना. इथल्या शाळेतली पोरं किती भराभर लिहितात.”

“तिचं तिला असतं,” त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

मला त्या मुलीचा रागच आला. आई चौदा-चौदा तास राबते आणि हिला शेजारी बसून चार वाक्यं घालता येत नाहीत.

कारण लिहिणं हीच खरी अडचण होती. बोललेलं त्यांना आठवे, लिहायला गेलं की अक्षरं उलटीपालटी होत. धावत्या बसमध्ये तर रेघच सरळ येत नव्हती. पण त्यावरही त्यांनी आपली वाट काढली. आश्रमात नव्वदीच्या एक मिसेस हॉलंड होत्या, जुन्या शिक्षिका. सुगंधाताई त्यांच्या खोलीत संध्याकाळचा चहा घेऊन जात. म्हातारीला रोज एक वाक्य सांगायला लावायचं आणि ट्रेवरच्या कागदी रुमालावर लिहून तिला दाखवायचं. ती थरथरत्या हाताने चुका दुरुस्त करी. ते रुमाल घडी घालून त्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये मला दाखवत. ‘सिटिझन्स कॅन व्होट.’ ‘वुई पे टॅक्सेस.’ एका रुमालाच्या कोपऱ्यात म्हातारीने लिहिलं होतं, ‘बेटर.’

सोमवारी मी त्यांची पुरी परीक्षा घ्यायचं ठरवलं. अधिकाऱ्यासारखा आवाज काढून इंग्रजीतच प्रश्न, मराठीचा एक शब्द नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगात कणकण होती, डोळे लाल दिसत होते. पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्याला त्यांनी सिनेट आणि सर्वोच्च न्यायालय यांची गल्लत केली. चौथा प्रश्न मी जरा वेगळ्या शब्दांत विचारला, तर कळलाच नाही. दहापैकी चार बरोबर आले. लिहायला ‘लिंकन वॉज द प्रेसिडेंट’ असं सांगितलं, तर त्यातला प्रेसिडेंट तीन ठिकाणी मोडला.

मी वही मिटली. “सुगंधाताई, स्पष्ट बोलू का? तारीख पुढे घेऊ. मी आजच पत्र लिहिते. बरं नाही, वेळ मिळाला नाही, असं कळवू. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतील. तोवर मी तुम्हाला असं तयार करीन, की दहाच्या दहा येतील.”

“न्हाई.”

“अहो, एवढी घाई कशाची आहे? तुमचं ग्रीन कार्ड आहे, नोकऱ्या आहेत. दोन महिन्यांनी असं काय बिघडणार आहे?”

“तारीख तीच राहणार, बाई.”

“आणि नापास झालात तर?”

“मंग नापास होईन. पण त्या दिवशी होईन, पुढं न्हाई.”

मला राग आला. आठ दिवस मी त्या थंडीत थांब्यावर उभी राहत होते. “हा हट्ट झाला,” मी म्हणाले. “हट्टाने परीक्षा पास होत नाहीत.”

त्यांनी रुमाल, पुस्तक, पेन्सिल सगळं शांतपणे पिशवीत भरलं. “तुम्ही लई केलंत माझ्यासाठी. उद्यापासून नाही आलात तरी चालंल. पुढचं मी बघते.”

मंगळवारी मी गेले नाही. दोन-दहा झाले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून घड्याळ बघत होते. माझं काय चुकलं, असं स्वतःला विचारत राहिले. बुधवारी मात्र राहवलं नाही. थांब्यावर पोचले, तर त्या आधीच उभ्या होत्या. काहीही न बोलता त्यांनी खिडकीची जागा मला दिली आणि कागदी रुमालांची एक चळत माझ्या मांडीवर ठेवली. एका दिवसात त्यांनी ‘प्रेसिडेंट’ हा शब्द दोनशे वेळा लिहिला होता. शेवटच्या रुमालावर तो एकदाही मोडला नव्हता.

“विचारा बाई,” त्या म्हणाल्या. “आज ताप न्हाई.”

त्या दिवशी दहापैकी आठ आले. उतरताना त्यांनी विचारलं, “उद्या सकाळी येता का माझ्यासंगं? आत न्हाई सोडणार तुम्हाला. पण बाहेर कुणीतरी लागंल.”

मला वाटलं, धीर द्यायला.

गुरुवारी सकाळी नऊला मी त्या सरकारी इमारतीपाशी पोचले. सुगंधाताई निळी इरकली साडी नेसून, वर तोच मोठा कोट घालून उभ्या होत्या. त्यांचा हात धरून एक मुलगी उभी होती. उंचीने त्यांच्या खांद्याएवढी, गोल चेहरा, किंचित तिरपे बारीक डोळे, जाड भिंगांचा चष्मा आणि दोन घट्ट वेण्यांना लाल रिबिनी. मला बघून तिने तोंडभर हसून हात पुढे केला.

“ही कृपा,” सुगंधाताई म्हणाल्या.

डाउन सिंड्रोम असलेली मुलं मी पूर्वी पाहिली होती. तिच्याबद्दल मी बसमध्ये जे बोलले होते, मनात जे आणलं होतं, ते सगळं एकदम आठवलं आणि मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला.

आत बाकावर बसलो. कृपा माझ्या हातमोज्यांची बोटं मोजायला लागली. सुगंधाताईंनी समोर बघत, कुणी ऐकू नये अशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

“हिला परवा अठरा पुरी होतात. शनिवारी. चर्चमधी एक वकील येतात, त्यांनी कायदा सांगितला. आई नागरिक झाली, अन् पोरगी अठराच्या आत असली, तर तीबी आपोआप होती. हिला परीक्षा न्हाई, काही न्हाई. शनिवारनंतर हिचा अर्ज वेगळा, हिची परीक्षा वेगळी. अशा पोरांना सूट असती म्हणे, डॉक्टरचे कागद लागतात. मिळती, कधी न्हाईबी मिळत.”

“पण तिचं ग्रीन कार्ड तर राहतंच ना?”

“राहतं. दर दहा वर्षांनी बदलून घ्यावं लागतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मी अठ्ठेचाळीसची आहे, बाई. मी असेपर्यंत बदलीन. मंग कोण बदलंल? ती फॉर्म भरंल? इथं तिला शाळा आहे, शाळेची गाडी दारात येती, पुढं काम शिकवणार आहेत. कुणी उद्या म्हणलं, हिचा कागद कुठाय, तर ती काय सांगंल? हसंल नुसती.”

मी कशीबशी म्हणाले, “मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं, तर तुम्ही दया करून शिकवलं असतं. हिच्या शाळेत बघते ना मी. सगळे मायाळू आहेत, पण काहीबी केलं तरी गुड जॉब, गुड जॉब. दयेनं शिकवणारं माणूस चुका सोडून देतं. मला चुका सोडून चालणार नव्हतं. तुम्ही सोमवारी रागावलात, ते बरं झालं. त्या रागानं दोनशे वेळा लिहिलं मी.”

तेवढ्यात दार उघडलं आणि कुणीतरी त्यांचं नाव मोडूनतोडून पुकारलं. त्या उठल्या. कोट काढून माझ्याकडे दिला, पदर सारखा केला, कृपाच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि आत गेल्या.

पस्तीस मिनिटं झाली. चाळीस झाली. समोरच्या बाकावरची माणसं आत जाऊन हसत बाहेर येत होती. एक म्हातारा मान खाली घालून गेला. कृपाने माझ्या हातमोज्यांची बोटं अकरा वेळा मोजली. प्रत्येक वेळी ती नऊ भरत होती.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला सुगंधाताई बाहेर आल्या. हातात एक कागद होता, पण चेहऱ्यावरून काहीच कळेना.

“पास,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना मिठीच मारायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं. “अजून काम झालं न्हाई. बसा.”

मग त्यांनी आतली हकीकत सांगितली. साहेब होता, वयस्कर, जाड मिशीचा. सात प्रश्न विचारले, सहा बरोबर आले, तर तो थांबला. “मी म्हणलं, सर, मोअर. टेन. तो हसला, म्हणला सहा पुरे.” वाचणं झालं, लिहिणं झालं. लिहायला कोणतं वाक्य आलं, ते त्यांना आता आठवतही नव्हतं. मग त्याने कागदावर शिक्का मारला आणि म्हणाला, अभिनंदन, शपथविधीचं पत्र तुम्हाला चार-सहा आठवड्यांत येईल.

मी त्यांच्या हातातल्या कागदावर वाकून पाहिलं. परीक्षा पास होऊन कुणी नागरिक होत नाही, शपथ घेतली की होतो. वर्गात मीच शिकवायची ते. मघाशी बाकावर ऐकतानाही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. शनिवारला दोन दिवस होते.

“मला माहीत होतं,” सुगंधाताई म्हणाल्या. “वकिलांनी सांगितलं होतं. इथं दुपारी दोनला शपथ असती, जागा असली तर त्याच दिवशी घेतात, पण ते आपण मागावं लागतं. म्हणून तेवढं मी आधीच बसवून ठेवलं होतं. मिसेस हॉलंडकडून. तिला सगळं सांगितलं होतं.”

“काय म्हणालात तुम्ही?”

त्यांनी हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि इंग्रजीत, सावकाश, एकही शब्द न मोडता म्हटलं. सर, माझी मुलगी परवा अठरा वर्षांची होते आहे. ती ही परीक्षा देऊ शकत नाही. म्हणून आज मी दोघींची दिली. कृपा करून मला आजच शपथ घेऊ द्या.

“मंग?”

“पहिल्यांदा म्हणला, आजची यादी भरली. मी उठलेच न्हाई. म्हणलं, सर, डॉटर इज आउटसाइड. यू कम. यू सी. हिचा जन्माचा दाखला पुढं ठेवला. त्यानं तारीख बघितली. चष्मा काढला, पुन्हा घातला. म्हणला, बाहेर थांबा, मी मोठ्या साहेबांना विचारतो.”

आम्ही थांबलो. कृपा पुन्हा बोटं मोजायला लागली. सुगंधाताईंचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की अजून उत्तरंच म्हणत होत्या, कोण जाणे. पाऊण तासाने तो मिशीवाला अधिकारी स्वतः बाहेर आला. आधी आमच्याकडे न बघता तो कृपासमोर येऊन वाकला. तिने लगेच हात पुढे केला. त्याने तो हातात घेतला आणि सुगंधाताईंना म्हणाला, “दोन वाजता. दुसरा मजला. हिलाही आणा.”

सुगंधाताईंनी ‘थँक यू, सर’ म्हटलं. तो गेल्यावर मात्र त्या बाकावर बसल्या त्या तशाच बसून राहिल्या. हातातल्या कागदाची त्यांनी घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. बारा दिवसांत मी त्यांना घाबरलेलं तेवढंच एकदा पाहिलं.

दोन वाजता साठ-सत्तर माणसांनी भरलेल्या त्या दालनात सगळे उभे राहिले. मी मागच्या रांगेत पाहुण्यांमध्ये होते. कृपाला माझ्याजवळ बसवलं होतं, पण आई उभी राहिली तसं तिने माझा हात सोडला आणि रांगांमधून वाट काढत थेट आईशेजारी जाऊन उभी राहिली. कुणी अडवलं नाही. सगळ्यांनी उजवे हात वर केले, तिनेही केला. सगळे म्हणायला लागले, तीही म्हणायला लागली, तिचे तिचे शब्द. निष्ठा सोडण्याचं ते पहिलं वाक्य आलं तेव्हा सुगंधाताई इतरांच्या एक शब्द मागे पडल्या, पण थांबल्या नाहीत. शेवटपर्यंत हात खाली आला नाही.

शेवटचा शब्द संपला आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या एका क्षणात दोघी या देशाच्या झाल्या होत्या. एकीचं नाव कागदावर होतं, दुसरीला कायद्याने आपोआप सामावून घेतलं होतं. कृपाने आईचा पदर ओढला. खोलीतले सगळे एकमेकांचे हात धरून ज्या उत्साहाने बोलत होते, त्यावरून काहीतरी निकाल लागला आहे, हे तिने ओळखलं होतं.

“आई, पास?” तिने विचारलं.

“पास.”

तिने आईचा पदर सोडला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, अगदी हळू, “कृपा?”

त्या मुलीला तिच्या शाळेत कुणी कधी नापास केलं नव्हतं आणि कधी पासही केलं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी तिला दुसऱ्या खोलीत रंगवायला बसवत, हे सुगंधाताईंनी मला नंतर सांगितलं.

आता त्या तिच्यासमोर खाली बसल्या, गुडघ्यांवर, इरकलीची पर्वा न करता. तिचा चष्मा सारखा केला.

“पास,” त्या म्हणाल्या. “तूबी पास झालीस, बाई.”

कृपाने ते ऐकलं, नीट समजून घेतलं, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यापासून सुरुवात केली. एकेकापुढे हात करून, नाव सांगून, ती त्या सबंध खोलीला सांगत सुटली, की ती पास झाली आहे.